नाखवाच्या कानांवरचे हात

आमच्या कुत्र्याला सोसायटीने मारायला लावलं, असं माझी पत्नी वसुधा गेली पाच वर्षं धरून चालली आहे. ते खरं नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तिला नाही, तेव्हाही शिकायला पुण्यालाच असलेल्या मुलीला नाही, आणि ज्यांच्यावर तो आळ गेला त्या समोरच्या बिऱ्हाडाला तर नाहीच नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस एखादी गोष्ट वर्षानुवर्षं गिळून बसतो तेव्हा ती पचलेली नसते, नुसती तळाशी बसलेली असते. जरा ढवळलं की सगळं पाणी गढूळ.

आणि तरी त्या दिवसांकडे मन वळलं की मला आधी अपराध आठवत नाही. आधी आठवतात ते वसुधाचे हात.

पारसिकच्या डोंगरात तेव्हा खडीच्या खाणी जोरात होत्या. दुपार कलू लागली की तिथे सुरुंग उडायचे. आधी एक भोंगा व्हायचा, करुण, लांबट, वाट चुकलेल्या जनावराच्या हंबरण्यासारखा; मग साऱ्या सेक्टरने श्वास रोखून धरल्यासारखी एक शांतता पसरायची; आणि मग पृथ्वीच्या पोटातून आल्यासारखा एक दबका हादरा आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत यायचा, की खिडकीची तावदानं आपापसात काही पुटपुटल्यासारखी थरथरायची. भोंगा ऐकू आला की वसुधा हातातलं काम तिथेच टाकायची. बाल्कनीतल्या गरम फरशीवर मांडी घालून बसायची, आमच्या कुत्र्याचं, नाखवाचं, जड काळं डोकं मांडीवर ओढून घ्यायची आणि दोन्ही तळव्यांनी त्याचे कान झाकायची. ती सकाळच्या शाळेत प्राथमिकच्या मुलांना शिकवते. घरी येऊन कितीही हात धुतले तरी तिच्या बोटांच्या पेरांत खडूची भुकटी उरायचीच, आणि म्हणून दुपारनंतर नाखवाच्या काळ्याभोर कानांवर पांढरट बोटांचे ठसे दिसत. अंधारावर कोणी हलक्या हाताने रांगोळी टेकवून गेल्यासारखे.

कान झाकून ती पाढे म्हणायची. गाणं नाही, स्तोत्र नाही, एकोणीसचा पाढा. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस. आवाज वर्गातला नव्हे. शेवटच्या बाकावरच्या रडवेल्या पोराच्या कानाशी लावलेला. "कुत्र्याला काय कळतंय पाढ्यातलं?" असं मी एकदा हसून विचारलं, तेव्हा ती डोळे न उघडता म्हणाली, "तो पाढा त्याच्यासाठी नसतोच हो. माझे हात थरथरू नयेत म्हणून असतो."

वसुधा अशीच आहे. तिच्या मायेला शब्द कमी आणि शिस्त फार. आश्विनातल्या उन्हासारखा तिचा स्वभाव. पावसाळा सरल्यावर सगळं स्वच्छ दाखवणारं, पण सावलीला न बोलावणारं ते ऊन. तिला एखाद्याचा राग आला तर ती भांडत नाही, दार लावून घेते. आणि ते दार इतकं निःशब्द लागतं की बाहेरच्याला आपण बाहेर राहिलो हे कळायलाही काही काळ जावा लागतो.

नाखवा आमच्या घरी आला तो दिवाळ्याहून. खाडीकाठच्या त्या गावातली एक कोळीण टोपली घेऊन आमच्या बिल्डिंगखाली बसायची. एक दिवस टोपलीशेजारच्या गोणपाटात एक पिल्लू होतं, होडीच्या तळाला फासलेल्या डांबरासारखं काळं, आणि वसुधा भाजी घेऊन परतताना त्याच्यापाशी थबकली. कोळीण म्हणाली, "घेऊन जा गो बाय. नाखवा हाय तो. होरीवर चरला का पुरं जाऊन बसते, कुनाचं आयकनार नाय. सांगून ठेवते, मंग मना बोलू नको."

नाखवा म्हणजे होडीचा धनी, होडीवर चढला की सगळ्यांत पुढे जाऊन बसणारा. तिने सांगून ठेवलं होतं ते अक्षरशः खरं ठरलं. नाखवा कोणाचंही ऐकत नसे. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला, तिवरांचा आणि चिखलाचा खारट वास इमारतींच्या ओळींतून आत शिरला, की तो बाल्कनीच्या कठड्याच्या जाळीवर पुढचे पाय टेकून नाक उंच धरून उभा राही, आणि त्या क्षणी आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक त्याच्यासाठी जणू नांगर टाकून थांबलेलं एक गलबत असे. त्या गलबतावर त्याने दोघींनाच जागा दिली होती. एक वसुधा. दुसऱ्या समोरच्या साळवीवहिनी.

आमचं घर शाकाहारी. नाखवाला मात्र सुकटीशिवाय घास उतरत नसे. मग साळवीवहिनी त्यांच्या शेगडीवर त्याचा सुकट-भात शिजवत, आणि दोन दारांमधल्या त्या चार पावलांच्या पॅसेजमध्ये, दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी असताना, वाटी इकडून तिकडे जाई. "तुमचा जावई जेवला का गं वसुधा?" त्या विचारत. वसुधा म्हणे, "जेवला. पण मीठ कमी आहे म्हणून तोंड वाकडं केलंन." दोघी हसत. वसुधाला मोकळेपणी हसताना मी पाहिलं ते त्याच पॅसेजमध्ये. नव्या शहरात, जिथे झाडं अजून पिंजऱ्यात होती आणि माणसंही आपापल्या गावाची माती मुळांना चिकटवून कशीबशी उभी होती, तिथे त्या दोघींची मैत्री ही मला दिसलेली पहिली रुजलेली गोष्ट.

दुसऱ्या वर्षी नाखवाला ताप आला. ताप उतरला, पण जाताना मेंदूत कुठेतरी ठिणगी ठेवून गेला. त्याला फिट येऊ लागल्या. उभ्या उभ्या तो कोसळे, तोंडाला फेस येई, आणि चारही पाय हवेत असे चालत की पाहणाऱ्याला वाटावं, हा कुठल्यातरी अदृश्य पाण्यातून जीव खाऊन काठाकडे पोहतो आहे. त्यातून तो बाहेर येई, पण लगेच आपल्यात येत नसे. काही वेळ त्याच्या डोळ्यांत कोणीच नसे. त्या वेळी समोर जो येईल त्याला तो चावे. गॅसवाल्याला चावला, तेव्हापासून सिलिंडर खालीच राहू लागला आणि तो खांद्यावरून तीन मजले मी चढवू लागलो. पेपरवाल्याची पँट फाडली. आणि एका संध्याकाळी, फिट ओसरल्यावर मी त्याला पाणी द्यायला वाकलो असताना, माझ्या मनगटात दात रुतवले.

रक्त बरंच आलं. पोटातली इंजेक्शनं घ्यावी लागली. पण आज खरं लिहायला बसलो आहे तर लिहितो: दुखलं ते मनगट नव्हे. वसुधा धावत आली, तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "तुम्ही वाकलात कशाला पण त्याच्यावर?"

मग तिने माझी जखम धुतली, हळद लावली, रिक्षा बोलावली, सगळं केलं. पण ते वाक्य आधी आलं होतं. त्या दिवसापासून मला त्या जनावराची भीती वाटू लागली, आणि भीतीपेक्षाही जे लाजिरवाणं होतं ते असं की दुपारी त्याच्यावर झुकलेला तिचा चेहरा मला बघवेना. माझ्या इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्यावर तशी कधी झुकली नव्हती. एका आजारी कुत्र्याचा मत्सर करणाऱ्या माणसाला आरशात बघताना काय वाटत असेल, याची कल्पना वाचकांनी करू नये. फार क्षुद्र वाटतं.

डॉक्टर वाशीहून स्कूटरवर यायचे. तरुण होते, स्पष्ट होते. त्यांनी एक दिवस आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "हा बरा होणार नाही. पण लगेच मरणारही नाही. गोळ्यांचा डोस वाढवून बघू. सांभाळलात तर वर्ष-दोन वर्षं काढेल, मधूनमधून त्रास देत. नाही जमलं, तर इंजेक्शन देऊन झोपवणं हेही चूक म्हणता येणार नाही. दोन्हीला मी हो म्हणेन. ठरवायचं मात्र तुम्ही."

ते गेले. बाहेर ऑक्टोबरचं पांढरं ऊन नव्या इमारतींच्या चुन्यावर आदळून परत फिरत होतं आणि ठाणे-बेलापूर रस्त्याकडून कारखान्यांचा आंबूस वास येत होता. मग वसुधा म्हणाली, "मला ठरवता येणार नाही. मी ठेवाच म्हणेन, आणि ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी हे माझं मलाच कळणार नाही. तुम्ही ठरवा. झोपवायचं म्हणालात तर मी नाही म्हणणार नाही, त्याला धरून बसेन. पण तुम्ही ठरवलंत, असं तुमच्या तोंडाने मला सांगा. एवढंच."

एवढंच. तिने माझ्याकडे मागितलेली आयुष्यातली बहुधा ती एकच गोष्ट, आणि मला तीच नेमकी देता आली नाही.

मी एका सरकारी कचेरीत जन्म काढला. माझं सगळं शहाणपण एका ओळीत आहे: 'आदेशार्थ सादर.' प्रकरण नीट मांडायचं, दोन्ही बाजू स्वच्छ लिहायच्या, आणि खाली ती ओळ टाकून फाइल वर सरकवायची. निर्णय वरच्याचा, आपण फक्त सादर करणारे. या ओळीच्या आडोशाला मी निष्कलंक राहून म्हातारा होत आलो होतो. घरातल्या प्रश्नावर मात्र वर सरकवायला कोणी नव्हतं. तेव्हा मला सोसायटी आठवली. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. रविवारी सकाळी सभा होती.

सभेच्या विषयपत्रिकेच्या शेवटी, सगळ्यांना ठाऊक असतं, अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय असतात. शनिवारी संध्याकाळी जिन्यात मी साळवींना गाठलं. साळवी म्हणजे साळवीवहिनींचे यजमान. तुर्भ्याला एका कारखान्यात सुपरवायझर, मोठ्या आवाजाचा, मऊ मनाचा माणूस.

"उद्या माझ्या कुत्र्याचा विषय तुम्ही काढा," मी म्हणालो.

"मी? अहो सेक्रेटरी, कुत्रा तुमचा, टेन्शन तुमचं, आणि विषय मी काढू? घरी भाकरी मिळायची नाही मला."

"मी काढला तर बरं दिसत नाही. लोक पाठीमागे कुजबुजतात, ते एकदा समोर होऊ दे. सभेत बोलणं झालं की तोंडं बंद होतील."

त्यांना वाटलं मी कुत्र्याला वाचवायला बघतो आहे. डोक्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "तसं असेल तर काढतो. तुमच्यासाठी." मी त्यांना तसं वाटू दिलं.

रविवारी सकाळी खालच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. वसुधा आली नाही. आदल्या रात्री नाखवाला फिट येऊन गेली होती, ती त्याच्यापाशी थांबली. गच्चीची गळती झाली, पंपाची वेळ झाली, चहा-बिस्किटं फिरली. मग साळवी उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "सेक्रेटरींच्या कुत्र्याबद्दल काही जणांची तक्रार आहे. त्याला ठेवावा की त्याचं काय ते करून टाकावं, हे सभेने ठरवावं, असा विषय मी मांडतो."

एकदम गलका झाला. कोणी म्हणालं, "आधी पाण्याचं नीट करा, कुत्र्याचं मग बघू." कोणी म्हणालं, "आपल्या वॉचमनपेक्षा बरा आहे तो, निदान जागा तरी असतो." दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ रागाने बोलले, लहान मुलांचं नाव घेऊन बोलले, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. मी त्यांच्याकडे आशेने पाहत होतो. तेवढ्यात तळमजल्यावरच्या गायकवाडबाई, लातूरकडच्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आजारी हाय आन् चावतंय म्हनून मारायचं म्हन्ता? मंग आमच्या सासूबाईला कुठं ठिवू मी?"

सगळे हसले, आणि त्या हसण्यात माझा बेत बुडाला. अध्यक्ष म्हणाले, हात वर करा. त्याला घालवावं म्हणून चार-पाच हात वर झाले, तेही अर्धे. ठेवावा, पण फिरवताना तोंडाला जाळी घालावी, साखळी आखूड धरावी आणि मुलं शाळेला निघतात तेव्हा खाली आणू नये, यासाठी बाकी सारे हात वर गेले. स्वतः विषय मांडणाऱ्या साळवींनीही ठेवण्याच्या बाजूने हात वर केला. तो जाडजूड, कामाने राठ झालेला हात सगळ्यांच्या वर होता आणि ते माझ्याकडे बघून समाधानाने हसत होते. कोणीतरी माझी पाठ थोपटली. "जा सेक्रेटरी, वहिनींना सांगा, कुत्रा पास झाला."

मी जिना चढू लागलो. माझ्याजवळ त्या वेळी एक आनंदाची बातमी होती. ती घेऊन मी तीन मजले चढलो, आणि प्रत्येक वळणावर ती मला अधिकाधिक असह्य होत गेली. पुन्हा तो फेस, पुन्हा ते कोणी नसलेले डोळे, पुन्हा सिलिंडर, पुन्हा दुपारी फरशीवरचं ते दृश्य ज्यात मला जागा नव्हती; वर्ष, दोन वर्षं. चाळीस माणसांनी मिळून जो भार हलका केला होता तो मला नको होता. मला सुटका हवी होती, आणि ती मी मागितली असं कोणाला कळायला नको होतं.

वसुधा दारात उभी होती. हातात ओला टॉवेल. तिने विचारलं, "काय झालं?"

"ठेवता येणार नाही," मी म्हणालो. "सभेने ठरवलंय."

तिने टॉवेल खांद्यावर टाकला. "कोणी काढला विषय?"

"साळवींनी."

"साळवींनी," ती म्हणाली. विचारल्यासारखं नाही, एखादा शब्द फळ्यावर लिहून त्याच्याकडे पाहावं तसं. मग म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मी एकटा काय करणार?"

समोरचं दार नेहमीसारखं उघडं होतं. आतून फोडणीचा वास येत होता. वसुधाने आमचं दार आतून लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले. त्यांनी एकदाच विचारलं, "नक्की ना?" आणि मी मान हलवली, वसुधाने नाही. ती बाल्कनीत फरशीवर बसली, रोजच्यासारखी, नाखवाचं डोकं मांडीवर घेऊन. त्या दिवशी त्याने मलाही जवळ येऊ दिलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी त्याचा पुढचा पाय धरला, आणि तो आडदांड जीव, ज्याने कधी कोणाला पायाला हात लावू दिला नाही, त्याने माझ्या मनगटावरची आपल्याच दातांची खूण हुंगली आणि शेपटी एकदा, अगदी हळू, फरशीवर आपटली. मला त्याने चावायला हवं होतं. तो चावला असता तर माझ्याजवळ निदान एक कारण राहिलं असतं.

सुई आत गेली तेवढ्यात डोंगराकडे भोंगा झाला. वसुधाचे हात आपोआप त्याच्या कानांवर गेले. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. शांतता पसरली, आणि मग हादरा आला. तावदानं थरथरली, टेबलावरच्या भांड्यांनी किणकिण केली, आणि तिच्या तळव्यांखाली काहीच हललं नाही. तेव्हा तिला कळलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, मला तो क्षण दिसला. पण ती थांबली नाही. पाढा अर्ध्यात सोडायचा नाही असं ती मुलांना शिकवत आली होती. तिने तो शेवटपर्यंत म्हटला, स्पष्ट, न अडखळता, आणि मगच हात काढले.

संध्याकाळी खाडीच्या बाजूला, तिवरांच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत आम्ही त्याला पुरलं. ओहोटी होती. पाणी दूर गेलेलं, आणि उघड्या पडलेल्या चिखलावर तांबूस उजेड असा पसरलेला की जमीन आणि आकाश यांतली शिवण दिसत नव्हती.

परत आल्यावर मी समोर गेलो. साळवी दोघंही सुन्न होऊन बसले होते. मी सांगितलं, रात्री फिट थांबेचनात, डॉक्टरच म्हणाले. आणि म्हणालो, "वसुधासमोर हा विषय कधी काढू नका. तिला सोसायचं नाही." वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "नाही हो भाऊजी, कधीच नाही." सोसायटीतल्या बाकीच्यांनाही मी हेच सांगून ठेवलं. अशी मी दोन्ही दारांना बाहेरून कडी घातली. आतल्या दोघींपैकी एकीला वाटत राहिलं की तिच्या मैत्रिणीच्या घरातून घाव आला, आणि दुसरी, दिलेला शब्द पाळत, का तुटलो ते न विचारता तुटत गेली.

संक्रांतीला वसुधा समोर हळदीकुंकवाला गेली नाही. पुढच्या संक्रांतीलाही नाही. पॅसेजमधून वाट्यांची ये-जा थांबली, आणि दिवसा उघडी असणारी दारं आधी लोटलेली, मग बंद राहू लागली. जिन्यात गाठ पडली की वसुधा बाजूला सरून वाट द्यायची, परक्याला द्यावी तशी अदबीने. वहिनींनी सुरुवातीला दोन-तीनदा काही बोलायचा यत्न केला. मग त्याही नुसतं हसून उतरून जाऊ लागल्या, आणि मग ते हसूही विझलं. हे सगळं मी पाहत होतो. एका वाक्यात ते सगळं परत उघडता आलं असतं. रोज सकाळी दाढी करताना मी ते वाक्य मनात जुळवत असे, आणि चेहरा धुताना ते वाहून जाई.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. नाखवाला झोपवणं हे पाप होतं असं मला आजही म्हणता येत नाही. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते, वसुधाही नाही. मी तिच्यासमोर उभा राहून "मला आता झेपत नाही, मी ठरवलंय" असं म्हटलं असतं, तर ती त्या दुपारी तशीच बसली असती, तसाच पाढा म्हटला असता, तितकीच रडली असती. पण ते दुःख स्वच्छ राहिलं असतं. मी त्यात दुसऱ्याचं नाव कालवलं. दुःख माणूस पिऊन टाकतो. कालवलेलं दुःख मात्र घशाशीच राहतं.

आता साळवी निघाले आहेत. कारखाना बंद पडला, त्यांनी पैसे घेतले आणि चिपळूणला घर बांधलं. पाडवा झाला की कायमचे जाणार. परवा वहिनी मला जिन्यात भेटल्या. केस पांढरे झालेत त्यांचे. माझ्या हातातली पिशवी धरून थांबवलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, जाताना एक सांगाल? माझं काय चुकलं हो वसुधाशी? मी रात्ररात्र आठवत बसते. शिव्या दिल्या असत्यान् तरी चाललं असतं. नुसतं कळू दे मला."

ते वाक्य ओठांवर होतं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच ओठांपर्यंत आलं होतं. आणि मी म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही वहिनी. तिचा स्वभावच आहे तसा."

त्यांनी मान हलवली आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. आधी मी माझ्या निर्णयाचं ओझं शेजाऱ्यांवर टाकलं होतं. आता माझ्या खोट्याचं ओझं बायकोच्या स्वभावावर टाकून मोकळा झालो होतो. त्या क्षणी मला माझी जी किळस आली तिने हे लिहायला बसवलं. हे लिहितानाही एक शंका मनाला चाटून जाते: घरात एका माणसाला सांगायचं ते मी हजार अनोळखी वाचकांपुढे ठेवतो आहे, ही माझीच जुनी रीत नव्हे ना? असेल. म्हणून हे छापून येण्याआधी मला ते तोंडाने बोलावं लागेल. वसुधा आत्ता आतल्या खोलीत वह्या तपासते आहे. लाल शाईच्या पेनचा कागदावरचा आवाज येतो आहे.

गेलेल्या जिवाची अनुपस्थिती काळाबरोबर घराच्या हवेत विरघळते, तिचं ओझं उरत नाही, वास उरतो. पण हाकेच्या अंतरावर असलेल्या माणसाला आपण खोटं सांगून दूर केलं असेल, तर ती अनुपस्थिती काळाला विरघळवता येत नाही. ती दर संक्रांतीला, दर सणाला, नव्याने बंद दारासमोर येऊन उभी राहते, आणि आठवण तिला सांत्वन देत नाही, फक्त हिशेबाला बसवते. पाडव्याला थोडे दिवस उरलेत.

सभेने नाखवाला ठेवायला सांगितलं होतं आणि त्याला मी घालवलं, हे मी वसुधाला सांगायचं अजून बाकी आहे. आणि साळवीवहिनींना मी त्यांची मैत्रीण देणं लागतो.